पाच वर्षं बसलेल्या बाहुल्या

बेळ्ळंदूरच्या सिग्नलच्या अलीकडे फुटपाथवर कोहळ्यांचा ढीग लागला की मी समजते, दसरा आला. एरवी इथे ऋतू कळायला फारसा वाव नाही. बाराही महिने गाड्यांची तीच रांग, तळ्याचा तोच वास, आणि काचेच्या इमारती तर ऊन-पाऊस दोन्ही बाहेरच ठेवतात. पण कोहळे आले की पाठोपाठ शेवंतीच्या माळा येतात, केळीचे खुंट येतात, चुरमुऱ्यांची पोती येतात. रिक्षावाले रिक्षांना असे सजवतात की आत बसायला गिऱ्हाइकाला वाकून, माळा बाजूला सारून शिरावं लागतं. आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी रस्ताभर गाड्यांची दृष्ट काढून फोडलेल्या कोहळ्यांचा कुंकू लागलेला गर पडलेला असतो, आणि स्कूटरवाले जीव मुठीत धरून जातात. गेल्या आठवड्यात ऑफिसातून येताना तो ढीग दिसला आणि मला एकदम राजा बेडूक आठवला. सिग्नल हिरवा होऊन गेला तरी मी तशीच उभी. मागच्याने हॉर्न वाजवून माझा उद्धार केला तेव्हा भानावर आले.

राजा बेडूक कोण, ते सांगते. त्याआधी आमच्या बाहुल्यांबद्दल सांगायला हवं.

आमचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे, कन्नड मुलखात आलं म्हणतात. कोणाबरोबर आलं आणि कशासाठी, यावर घरात आजही दोन मतं आहेत. इतक्या वर्षांत आम्ही मराठी बोलायचं सोडलं नाही, पण त्या मराठीत कन्नड इतकं मुरलं की पुण्याचे पाहुणे पहिले दोन दिवस नुसते हसून मान डोलावतात. आणि दसऱ्याला देवघरात घट बसतात तसे आमच्याकडे बाहेरच्या खोलीत गोंबे बसतात. गोंबे म्हणजे बाहुल्या. पायऱ्यापायऱ्यांची मांडणी करायची, पायऱ्या विषमच हव्यात, त्यावर पांढरं धोतर अंथरायचं आणि बाहुल्या बसवायच्या. सगळ्यात वर पट्टद गोंबे, म्हणजे लाकडी राजाराणीची जोडी. ती मुलीला लग्नात माहेरून मिळते आणि मरेपर्यंत तिची असते. त्याखाली देव, मग वरात, मग वाणसामान मांडून बसलेला ढेरपोट्या शेट्टी आणि त्याची शेट्टम्मा.

या बाहुल्यांचे नियम आईला तोंडपाठ. वर्षाला एक तरी नवी हवी. जुनी फुटली तरी फेकायची नाही, मागच्या रांगेत टेकून बसवायची. आणि दशमीला, दिवे लागल्यावर, आरती करून एका बाहुलीला हळूच आडवं करायचं. एक झोपली की सगळ्या झोपल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना जुन्या मऊ लुगड्यांत गुंडाळून ट्रंकेत घालायचं, की पुढच्या दसऱ्यापर्यंत कोणी हात लावायचा नाही. "नऊ दिवस बसायचं आणि वर्षभर झोपायचं," आई म्हणायची, "म्हणून त्यांचे चेहरे बघ कसे टवटवीत. नाहीतर तू. दिवसभर बसतेस."

चामराजपेटच्या आमच्या गल्लीत त्या दिवसांत संध्याकाळी पोरींची टोळी फिरायची. त्यात मी आणि माझी थोरली बहीण, अक्का. दर दारात एकच प्रश्न: "गोंबे कूरिसिद्दीरा?" बाहुल्या बसवल्यात का? बसवल्या असतील तर आत जायचं, बघायचं, एखादं गाणं म्हणायचं, आणि हातावर बागिना घ्यायचा. बागिना म्हणजे त्या दिवशी केलेला खाऊ, बहुतेक उसळ, कधी कोबरी-साखर. अक्का गाणं न म्हणताच हात पुढे करायची. अजूनही तिचा स्वभाव तोच आहे, फक्त हात मोठा झालाय.

टाळेबंदी लागली त्या वर्षी आई आठ दिवसांसाठी माझ्याकडे आली होती. दोन साड्या, जपाची माळ आणि रक्तदाबाच्या गोळ्या एवढ्यावर. आठ दिवसांचे आठ महिने झाले. मी एकटी राहते, घर दोन खोल्यांचं, आणि एका खोलीत माझं ऑफिस. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढणं हा माझा धंदा आहे. आई दाराशी उभी राहून ऐकायची आणि म्हणायची, "किती गं नावं ठेवतेस लोकांच्या कामाला. तुला कोणी जेवायला बोलावत नसेल."

नवरात्र जवळ आलं तसं तिचं बोलणं कमी झालं. चामराजपेटचं घर कुलूपबंद, ट्रंक माळ्यावर. साथीमुळे गल्लीच्या तोंडाला ठोकलेले पत्रे एव्हाना निघाले होते, पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला त्या बाजारालगतच्या गर्दीत न्यायची माझी हिंमत नव्हती, आणि मला एकटीला ती जाऊ देईना. एकदा चणे निवडता निवडता ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून एक दसरा चुकला नाही. अण्णा गेले त्या वर्षीसुद्धा गिरिजम्माने येऊन बसवल्या." अण्णा म्हणजे माझे वडील, आणि गिरिजम्मा आमच्या समोरच्या दारातली. मग तिने निवडलेले चणे पुन्हा निवडायला घेतले.

तेव्हा मी एक गेम खेळायचे. त्याचं नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात कशाला. मारामारी नाही, शर्यत नाही. तुम्हाला एक टेकडी मिळते, टेकडीवर घर, घरापुढे दगडी पायऱ्या. झाडं लावायची, फळं तोडायची, मूर्ती आणून अंगणात मांडायच्या, आणि ओळखीच्या लोकांना टेकडीवर बोलवायचं. ऑफिसच्या बैठका संपल्या की मी टॅब घेऊन संत्री तोडत बसायचे. त्या संध्याकाळी आई मागून बघत होती. तिने पायऱ्या मोजल्या.

"सात आहेत," ती म्हणाली. "विषम आहेत गं."

एवढंच. पण तिच्या आवाजावरून मला कळलं, आता सुटका नाही.

तिच्यासाठी वेगळी टेकडी विकत घेतली. खेळात तुमचा एक छोटा माणूस असतो, त्याचे कपडे आपण निवडायचे. साडी नव्हतीच. आईने नाक मुरडत पिवळा झगा घेतला, आणि उन्हासाठी टोपी. "टोपीवाली दिसत्ये मी," म्हणाली, पण टोपी काढली नाही. मग आम्ही खेळातल्या दुकानात मूर्ती बघायला गेलो. देव एकही नाही. कोल्हा होता, दीपस्तंभ होता, केकवर ठेवतात तसलं नवरा-नवरीचं जोडपं होतं, पाव विकणारा जाडा गृहस्थ होता, आणि डोक्यावर मुकुट घातलेला एक बेडूक होता.

मी मनात म्हटलं, फसलं हे. पण आईने क्षणभरही विचार केला नाही. जोडपं सगळ्यात वरच्या पायरीवर गेलं, ते पट्टद गोंबे. पाववाला झाला शेट्टी. त्याच्यापुढे आम्ही भोपळे आणि मक्याची कणसं रचली. दीपस्तंभ म्हणजे समई. कोल्हे विकत घेऊन दोन्ही बाजूंना भालदार-चोपदार केले. आणि बेडूक? "त्याचा मुकुट बघ. कुठल्यातरी देशाचा राजा असणार," आई म्हणाली, आणि तो दुसऱ्या पायरीवर, ऐन मधोमध, देवांच्या जागी बसला.

त्या नऊ संध्याकाळी मला अजून जशाच्या तशा आठवतात. खिडकीबाहेर रस्ता इतका रिकामा की पलीकडच्या इमारतीतली कुकरची शिट्टी ऐकू यायची. घरात उसळीला दिलेल्या फोडणीचा वास. रोज वेगळं कडधान्य; नियम म्हणजे नियम. सहा वाजता आई साडी बदलून, कुंकू लावून टॅबपुढे बसायची. के. आर. पुरमहून अक्का यायची, म्हणजे तिचा छोटा माणूस टेकडी चढून यायचा. म्हैसूरची मामेबहीण यायची, दुबईचा भाचा यायचा. टेकडीच्या फाटकाशी त्यांना थांबवून आई फोनवर बजावायची, "आधी विचारा!" आणि पन्नाशीची अक्का के. आर. पुरमच्या सोफ्यावर बसून ओरडायची, "गोंबे कूरिसिद्दीरा?" मग फाटक उघडायचं. आई प्रत्येकाला एक संत्रं द्यायची, बागिना म्हणून. अक्का दोनदा घ्यायची.

पहिल्या दिवशी आरतीच्या वेळी आईने टॅबच्या काचेवर अक्षता टाकल्या. प्रत्येक दाणा म्हणजे खेळाला बोटाचा स्पर्श वाटला. कोल्हे गरगर फिरले, शेट्टीचे भोपळे घरंगळले, आणि राजा बेडूक आपल्या जागी टुणटुण उड्या मारायला लागला. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. त्या वर्षी मार्चनंतर आई तेव्हा पहिल्यांदा हसली. तिने काचेच्या चौकटीला लावलेलं कुंकू आजही त्या कोपऱ्यात आहे, मी ते पुसलेलं नाही.

दशमी आली. आरती झाली. आई म्हणाली, "आता राणीला आडवी कर." मी बघितलं, मूर्ती चार दिशांना फिरवता येत होती, उचलता येत होती, पण आडवी होत नव्हती. तशी सोयच नव्हती.

"राहू दे ना," मी म्हटलं. "इथे काय ट्रंक भरायचीय? धूळ नाही, कसर नाही, वाळवी नाही. बसू दे वर्षभर."

आईने टॅब स्वतःकडे ओढला. "बारा महिने बसवू नये गं बाहुल्यांना. थकतात."

"आई, ह्या नाही थकत."

"सरी," ती म्हणाली. बरं. "तू म्हणतेस तर."

पुढच्या वर्षी चामराजपेटचं घर गेलं. भाड्याचं होतं, मालकाला पाडून दुकानं काढायची होती. चाळीस वर्षांचा संसार माझ्या दोन खोल्यांत मावणार नव्हता. भांडी, पाट, जातं सगळ्याची वाट लावता लावता आम्ही त्या ट्रंकेपाशी आलो. पंचावन्न बाहुल्या. आई ट्रंकेपुढे खाली बसली होती, शेट्टम्माच्या नाकावरचा उडालेला रंग बोटाने चाचपत. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "त्या टॅबातल्या राहतील ना गं? कायमच्या?"

मी कामगारांना कपाट कसं उतरवायचं ते सांगत होते. मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. "कुठे जाणारेत त्या? विकत घेतल्यात आपण," मी म्हटलं.

हे वाक्य मी बोलले. दुसऱ्या कोणी नाही. माझ्या शब्दावर आईने ट्रंक गिरिजम्माला देऊन टाकली. फक्त राजाराणीची जोडी ठेवली, कारण ती देताच येत नाही. गिरिजम्मा रडली. आई नाही रडली. उलट रिक्षात मला म्हणाली, "बरं झालं, आता तुझ्या माळ्यावर ओझं नको."

मग दर दसऱ्याला टेकडीवर एक नवी मूर्ती यायची. एका वर्षी छत्रीवाली बाई, एका वर्षी बदकांची माळ. जग पुन्हा उघडलं होतं, दुबईचा भाचा येईनासा झाला होता, पण अक्का यायची, आणि आई अधूनमधून एरवीही टेकडीवर जायची. कोल्ह्यांच्या भोवतीचं गवत काढायची. जेवण झालं की पंधरा मिनिटं टॅब घेऊन बसायची आणि म्हणायची, "बघून येते." शेजारणीकडे जाऊन येते म्हणावं, तशी.

गेल्या वर्षी भाद्रपदात ईमेल आला. अतिशय गोड भाषेत. इतकी वर्षं साथ दिल्याबद्दल आभार, आठवणी सदैव राहतील, आणि अमुक तारखेला सर्व्हर बंद होतील, त्यानंतर कोणालाही आपल्या टेकडीवर जाता येणार नाही. खेळातलं दुकान तर ईमेल आला त्या दिवसापासूनच बंद. मी कॅलेंडर बघितलं. ती तारीख म्हणजे अष्टमी. इथे कोणाचं काय चाललंय याचा त्यांना पत्ता असायचं कारणच नव्हतं, पण मला तेव्हा ते मुद्दाम केल्यासारखंच वाटलं.

मी भांडले. कंपनीच्या मदतकक्षाला लिहिलं, आम्ही हे पैसे देऊन घेतलेलं आहे. उत्तर तत्पर आलं: आपण खेळ विकत घेतला नव्हता, तो वापरण्याची परवानगी घेतली होती, कृपया आपण मान्य केलेल्या अटी पाहाव्यात. अटी! खाली एक चौकोन असतो ना, 'मला मान्य आहे' म्हणून? त्या चौकोनावर टिचकी मारली की पुढचं पान उघडतं की नाही, हे तपासायचा मला पगार मिळतो. हजार वेळा तपासलंय. वर काय लिहिलंय ते आयुष्यात एकदाही वाचलेलं नाही. लोकांच्या चुका काढण्यात हयात गेली, आणि ही माझी.

आठ दिवस मी आईला सांगितलं नाही. अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "फोटो काढून ठेव ना, एवढं काय." काढले. दोनशे काढले. पण गवत काढायला जाता येत नाही फोटोत. आणि आई तर अजून जातच होती. एके दिवशी टेकडीवरून परत आली आणि म्हणाली, "दुकान बंद आहे गं. ह्या वर्षीची नवी बाहुली कुठून आणायची?"

मग सांगावंच लागलं. ती देव्हाऱ्यातली भांडी घासत होती. मी सगळं सांगितलं. परवानगी, अटी, तारीख. शेवटी म्हटलं, "माझ्या शब्दावर तू ट्रंक दिलीस. मीच सांगितलं होतं, कुठे जाणार नाहीत. चुकले मी, आई." त्या वयात आईसमोर उभं राहून रडायला मला लाज वाटली, तरी रडले.

आईने पळी स्वच्छ पुसून ठेवली. "चाळीस वर्षं भाड्याच्या घरात काढली," ती म्हणाली. "मालक आला, निघा म्हणाला, निघालो. पण त्या माणसाने कधी 'विकलं' म्हटलं नव्हतं. भाडंच म्हणायचा. एवढा तरी प्रामाणिकपणा हवा." मग तिने तांब्या घासायला घेतला. बराच वेळ घासला. तो आधीच लख्ख होता.

मला वाटलं, आता ती ट्रंकेचं काढेल. गिरिजम्माला सांगून परत मागवू का, असं मीच विचारलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडला. दिलेलं मागायचं नसतं, हे मला सातव्या वर्षीच शिकवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली ती ठरवून. "सप्तमीला दिवे लागले की झोपवायच्या त्यांना," म्हणाली. "दशमीपर्यंत थांबायला ते लोक तयार नाहीत, सरी. पाच वर्षं बसल्यात बिचाऱ्या. मी तेव्हाच म्हणत होते, थकतील. आता कोणीतरी येऊन घराबाहेर काढायच्या आत आपण झोपवू. घरचं माणूस झोपवतं ते वेगळं."

"पण त्या आडव्या होत नाहीत, आई."

"तू शोध काहीतरी. तुझं कामच ते ना?"

शोधलं. तीन संध्याकाळी टेकडीवर हिंडून जे जे दाबता येतं ते ते दाबून बघितलं. मूर्ती आडव्या झाल्या नाहीत. घरातला पलंग अंगणात आणता येईना. शेवटी कंटाळून टॅब मांडीवर ठेवला आणि नुसती बसून राहिले. थोड्या वेळाने बघते तर माझा छोटा माणूस जांभई देत होता. मग तो गवतावर बसला. मग आडवा झाला, टोपी तोंडावर ओढून. पाच वर्षं मी तो खेळ खेळत होते आणि एकदाही इतका वेळ स्वस्थ बसले नव्हते. काहीच केलं नाही, कशालाच हात लावला नाही, तर तो आपसूक झोपतो.

आईला सांगितलं. तिचा चेहरा उजळला. "मग झालं तर," म्हणाली. "ह्या वर्षीची नवी बाहुली मीच. एक झोपली की सगळ्या झोपल्या."

सप्तमीला आईने हिरवी इरकल नेसली. उसळ मुगाची. खरोखरीच्या देवघरात दिवा लावला, मग टेकडीवर जाऊन दीपस्तंभ पेटवले. अक्का फोनवर होती, आणि तिचा लाल झग्यातला माणूस फाटकाशी. "विचार," आई म्हणाली. अक्काने विचारलं, पण ओरडली नाही. हळू, लहानपणी अनोळखी दारात विचारायचो तसं म्हणाली, "गोंबे कूरिसिद्दीरा?"

"कूरिसिद्दीवि," आई म्हणाली. बसवल्यात. "ये."

आरती झाली. या वेळी अक्षता ताटातच ठेवल्या. आईने आपल्या पिवळ्या झग्यातल्या बाईला सगळ्यात खालच्या पायरीपुढे आणून उभं केलं, तोंड बाहुल्यांकडे करून. टॅब तांदळाच्या डब्याला टेकवला आणि हात मांडीवर घेतले. मीही घेतले. आता काहीच करायचं नव्हतं, आणि ते किती अवघड असतं ते त्या पाच मिनिटांत कळलं. वरच्या पायरीवर जोडपं. राजा बेडूक. शेट्टी आणि त्याचे भोपळे. त्यांच्या मागे खेळातलं आभाळ गुलाबी होत चाललेलं.

आईची बाई जांभई देऊन खाली बसली. अक्काची उभीच.

"अक्का, तू हात लावत्येस," मी म्हटलं.

"नाही गं! म्हणजे... नाकावरचा केस काढला फक्त."

"काढू नको. स्वस्थ बस."

"पन्नास वर्षं सांगतोय तिला," आई पुटपुटली, पडद्यावरची नजर न काढता.

मग पिवळा झगा गवतावर आडवा झाला. टोपी तोंडावर आली. आईने श्वास सोडला. बऱ्याच वेळाने लाल झगाही तिच्या शेजारी आडवा झाला, आणि फोनवरून अक्काच्या नाक ओढण्याचा आवाज आला. आई अगदी हळू, मला लहानपणी थोपटायची त्या आवाजात, म्हणाली, "झोपा. पुष्कळ बसलात." मला तेव्हा जे वाटलं ते सरळच सांगते: पुढे कधीतरी मला हेच बघावं लागणार आहे, खरंखुरं, असं वाटलं आणि मी तिचा हात धरला. तिने धरू दिला. टॅब मी बंद केला नाही. त्याची बॅटरी संपून तो आपोआप विझला.

अष्टमीला सकाळी सर्व्हर बंद झाले. आईने चौकशीसुद्धा केली नाही. ती शेवंतीच्या माळेला गाठ मारत होती.

दशमीला गिरिजम्माचा फोन आला, गोंबे बघायला या म्हणून. मुलाने चामराजपेटातच पुढच्या गल्लीत घर घेतलंय. आम्ही गेलो. बाहेरच्या खोलीत नऊ पायऱ्या, आणि त्यावर आमच्या त्रेपन्न बाहुल्या, तिच्या वीसेक बाहुल्यांत खांद्याला खांदा लावून. शेट्टम्माचं नाक कोणीतरी नव्याने रंगवलं होतं, जरा जास्तच लाल. गल्लीतल्या पोरी दाटीवाटीने बसून उसळ खात होत्या. विकत घेऊन जपलेल्या गेल्या आणि देऊन टाकलेल्या राहिल्या, हे तिथे समोरच दिसत होतं.

दिवे लागले. आरती झाल्यावर गिरिजम्मा बाजूला सरली आणि आईला म्हणाली, "नीवे मलगिसि." तुम्हीच झोपवा.

आईने मान हलवली. कन्नडात म्हणाली, "नको गिरिजम्मा, ह्या तुझ्या. माझ्या झोपल्या सप्तमीलाच." आणि खुर्चीत नीट मागे टेकून, दुसऱ्याच्या घरी बघावं तसं कौतुकाने बघत राहिली. गिरिजम्माने शेट्टम्माला आडवं केलं. आईने नमस्कार केला.

यंदा टीव्हीच्या टेबलावर आम्ही तीन पायऱ्या केल्यात, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या. वर आईची राजाराणी. खाली मी बाजारातून आणलेली चन्नपट्टणची एक लाकडी बाहुली. आईने मुद्दाम आणायला सांगितलेला बेडूक मात्र कुठे मिळाला नाही. अक्का म्हणते, मी मातीचा करून आणते, आणि तिचा हात बघता तो बेडूक होईल की बटाटा, देव जाणे. आईचा हात आता थोडा थरथरतो. बाहुली ठेवताना दुसऱ्या हाताने मनगट धरते.

टॅबवर तो गेम अजून आहे. म्हणजे त्याचं छोटं चित्र आहे, टेकडीचं. मी ते काढलेलं नाही. काल संध्याकाळी कोहळा घेऊन घरी आले, चहा ठेवला, आणि का कोण जाणे, त्या चित्रावर बोट ठेवलं. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं. त्या खेळाचा उघडताना वाजतो तो घंटेचा बारीक आवाज मात्र आला, तेवढाच काय तो टॅबात राहिलाय.

आतल्या खोलीतून आईने ऐकला.

"शालू," ती म्हणाली, "उठवू नकोस गं त्यांना."